डावीकडचं वजन

नेगिशींच्या गॅरेजात कामाच्या टेबलावर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली होती. एकात काळे रबरी बुश, दुसऱ्यात पिवळेधमक पॉलियुरेथेनचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे. दोन्हींचा आकार एकच आणि कामही एकच. चाकाला धरून ठेवणारे आर्म गाडीच्या अंगाला जिथं जोडले जातात त्या सांध्यात बसायचं आणि लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही. आपल्या गुडघ्यात गादी असते तसंच. एवढ्याशा वस्तूवरून सकाळपासून तिघांची अशी जुंपली होती की बाहेरून जाणाऱ्याला वाटलं असतं, इथं जमिनीच्या वाटण्या चालल्यात.

"पॉली," दोई म्हणाला. "आता विचार करायला वेळच कुठं आहे? पॉली."

दोई दातांचा डॉक्टर. शिमोनिताच्या बाजारात त्याचा दवाखाना होता, आणि दुरुस्तीला आलेल्या मिसुझुच्या गाडीसारखीच जुनी दोन दारांची गाडी त्याच्याकडेही होती. तिची निळी, त्याची पांढरी, एवढाच फरक. गेल्या वर्षी त्यानं आपल्या गाडीचे सगळे सांधे पॉलीचे करून घेतले, आणि तेव्हापासून भेटेल त्याला तो पॉलीचं कीर्तन ऐकवत होता.

"तुझी गाडी वळणावर कशी जाते माहितेय? तुझ्याच कारखान्यातल्या कोन्याकूसारखी. थुलथुल, थुलथुल. स्टीअरिंग फिरवलं की ती आधी विचार करते, मग सावकाश वळते. पॉलीत विचारबिचार नाही. हात हलला की नाक वळलं."

"आणि शेजारी बसलेल्याच्या दातातलं सिमेंट रस्त्यातच गळून पडतं," नेगिशी गाडीखालच्या खड्ड्यातून म्हणाले. "गिऱ्हाईक कसं तयार करायचं ते या माणसाकडून शिकावं."

मिसुझु ओरिहारा हसली. कोन्याकूचा कारखाना तिच्या घरचाच होता. कंद दळायचे, चुन्याच्या पाण्यात घोटायचे आणि त्या करड्या, थलथलीत वड्या पाकिटात भरून पाठवायच्या. नोव्हेंबर म्हणजे कंद निघायचे दिवस, कारखान्यात पाय ठेवायला जागा नसायची, आणि अशा वेळी मालकीणबाई गॅरेजात बुशांच्या खोक्यांपुढे उकिडव्या बसलेल्या. आई घरी काय बोलत असेल याची तिला पूर्ण कल्पना होती. पण या वर्षी तिचा नाइलाज होता.

कामोसावाचं सर्किट बंद होणार होतं. डोंगराच्या कुशीत बसवलेला, जेमतेम एक किलोमीटरचा वळणावळणाचा ट्रॅक. मालक इवामुरो थकले होते आणि जमीन सोलर पॅनलवाल्यांना दिली होती. रविवारी शेवटची स्पर्धा. तिथल्या कँटीनच्या भिंतीवर लाकडी पाट्या होत्या. चाळीस सेकंदांच्या आत फेरी मारणाऱ्याचं नाव इवामुरो स्वतः शाईनं लिहायचे आणि पाटी खिळ्याला अडकवायचे. आता त्या पाट्या डोंगराखालच्या देवळात कायमच्या जाणार होत्या. दोईची पाटी तिथं होती. त्याच्या धाकट्या भावाचीसुद्धा होती. मिसुझु बारा वर्षं त्या भिंतीखाली बसून आपल्याच कारखान्याचं कोन्याकू घातलेला ओदेनचा रस्सा पीत आली होती, आणि दर वेळी तिचं घड्याळ चाळीसच्या पुढे इवलंसं सरकून थांबायचं. तिला ती पाटी हवी होती. इतकी हवी होती की त्याबद्दल कुणी थट्टा केली तर तिला ती सोसायची नाही.

"काका, तुम्ही सांगा," ती म्हणाली.

नेगिशी खड्ड्यातून वर आले, हात पुसले, आणि प्रवचनाला बसावं तसे स्टुलावर बसले. त्यांना असं विचारलेलं फार आवडायचं.

"रबर नुसतं अडकवलेलं नसतं पोरी, ते आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. ज्या अवस्थेत आवळशील ती त्याची कूस. पुढे कितीही पिळलं तरी ते त्याच कुशीवर परत येणार. म्हणून गाडी हवेत टांगलेली असताना आवळणारा माणूस माझ्या मते कसाई. चाकं जमिनीवर पाहिजेत, टाकीत पेट्रोल पाहिजे, चालवणारा हेल्मेट घालून जागेवर पाहिजे. गाडीत जेवढं ओझं, तेवढंच रबर लक्षात ठेवतं."

"आणि पॉली?"

"पॉली काही लक्षात ठेवत नाही. नळीवर आपलं गरगर फिरतं, ग्रीस संपलं की किंचाळतं. आणि ते मधे पडत नाही. रबर म्हणजे घरातली थोरली जाऊ. रस्त्याचं सगळं ऐकून घेते, निम्मं पोटात ठेवते, निम्मं तुला सांगते. पॉली सगळं जसंच्या तसं आणून कानात ओततं."

"मग ऐकावं की माणसानं," दोई म्हणाला. "खरं ऐकायची भीती कशाला?"

मिसुझुनं दोन्ही बुश दोन हातांत घेऊन दाबले. पिवळा तसूभर हलला नाही. काळा अंगठ्याखाली किंचित दबला आणि परत आला. बारा वर्षं तिच्या पाठीला, पायांना, तळहातांना तेच दबणं ओळखीचं होतं. नवीन रबर, कारखान्यातून निघाल्यासारखं ताठ रबर, एवढ्यानंही गाडी बदलेल असं तिला आतून वाटलं.

"रबर," ती म्हणाली. दोईनं कपाळाला हात लावला.

शुक्रवारी दुपारी आर्म बसवून झाले आणि शेवटचं आवळणं राहिलं. दोईनं आपले चार वजनकाटे आणले होते, प्रत्येक चाकाखाली एक, आणि सगळ्यांचे आकडे दाखवणारी एक छोटी पेटी. गाडी खड्ड्यावर घेतली. मिसुझुनं हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या घराच्या पडवीत सोललेली पर्सिमनची फळं दोरीला टांगून सुकत होती, आणि तिला संध्याकाळच्या सरावाला वेळेवर पोहोचायचं होतं. पाय सारखा क्लचवर नाचत होता.

"हलू नकोस," दोई पेटीकडे बघत म्हणाला. मग त्यानं पेटी हलवली, परत बघितलं. "अगं, वजन वाढलं का तुझं?"

"कोन्याकू खाऊन कुणाचं वजन वाढलंय का आजवर?"

"मग डावीकडचं एवढं कसं भरतंय? पन्नासएक किलो जास्त दाखवतंय."

खालून नेगिशींचा आवाज आला. "डावीकडे कोण बसलंय? उतरवा त्याला, किंवा बसणारच असेल तर हलू नको म्हणावं."

मिसुझुनं डावीकडे बघितलं. तिथं बसायला जागाच नव्हती. वजन कमी करायला डावी सीट तिनं कधीच काढून टाकली होती. उघडा पत्रा होता, रंग उडालेला, त्यावर कोपऱ्यात वाळलेल्या मातीची बारीक पूड.

"कुणी नाही, काका."

नेगिशींनी खालून डाव्या आर्मवर हात फिरवला. "आर्म तर दबलाय."

दोईनं काटे बंद करून परत चालू केले. आकडा तोच. मग त्यानं मिसुझुला उतरवलं, तर डावीकडचा आकडा घसरून जागेवर आला. परत बसवलं, परत वर गेला. तो पेटीवर थापट्या मारत राहिला. दातांचे रुग्ण सांभाळणारा माणूस, पण या वेळी त्याचा धीर सुटत चालला होता.

"काटे बिघडलेत," तो शेवटी म्हणाला.

"काटे बिघडतील, माझे डोळे कसे बिघडतील?" नेगिशी खड्ड्यातून म्हणाले. "पोरी, मी आत्ता आवळलं तर रबर हेच ओझं धरून बसेल. दोघांची सवय लागेल त्याला. आवळू का उद्या बघू?"

मिसुझुनं घड्याळाकडे बघितलं. उद्या कारखान्यात कंदांचे दोन ट्रक येणार होते, उद्या ती दिवसभर सापडणार नव्हती. रविवारी स्पर्धा. आणि आज ऊन होतं, ट्रॅक कोरडा होता, तिच्या अंगात नुसतं वारं भरलं होतं.

"आवळा," ती म्हणाली.

खालून पान्याचा टक् आवाज एकेक करून येत राहिला.

कामोसावाच्या चढावरच तिच्या लक्षात आलं, की हे काही वेगळंच जमून आलंय. उजवीकडे चालवणारा बसला की गाडी नेहमी त्या अंगाला किंचित कलायची. बारा वर्षं ती त्या कलासकट चालवत होती. आज कल नव्हता. गाडी पाटावर बसल्यासारखी सपाट चालली होती, आणि वळणात शिरताना दोन्ही बाजूंनी सारखीच दबत होती. मिसुझु एकटीच मोठ्यानं हसली.

सरावात ती सुसाट गेली. आधी तिला वाटलं, उतारावरच्या वळणाशी ऐकू आला तो आपलाच श्वास. हेल्मेटमधे माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो. पण पुढच्या वळणाला तिनं मुद्दाम तोंड मिटून धरलं, आणि श्वास आला. डावीकडून. रबरातून गाळून यावा तसा, मऊ, अर्धवट. ब्रेकची जागा यायच्या जरा आधी तो आत ओढला गेला आणि तिथंच थांबला. कुणीतरी श्वास रोखून धरावा तसा.

ती घाबरली का? खरं सांगायचं तर घाबरायला सवडच नव्हती. समोर वळण येत होतं. तिनं नेहमीच्या जागी ब्रेक दाबला आणि तिला जाणवलं, की तो श्वास अजून सुटलेला नाही. म्हणजे आपण घाई केली. पुढच्या फेरीला ती थांबली. पाय अधांतरी, झाडं अंगावर येताहेत, आणि डावीकडे तो श्वास सुटला. तिनं ब्रेक दाबला. गाडी अशी वळली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिनं वादच घातला नाही. श्वास सुटेपर्यंत धीर धरायचा आणि सुटला की दाबायचं. प्रत्येक फेरीला घड्याळ खाली येत होतं.

"अंगात आलं होतं का तुझ्या?" दोईनं तिला उतरताना विचारलं. त्याच्या हातातलं घड्याळ चाळीसच्या वर एकच दशांश दाखवत होतं. "तू आणि एवढ्या उशिरा ब्रेक? तुला मी बारा वर्षं बघतोय, कुत्रं दिसलं तरी तू लांबून थांबतेस."

"रबर," मिसुझु म्हणाली आणि घटाघटा पाणी प्यायली. बाकीचं तिनं सांगितलं नाही. सांगितलं तर ते निघून जाईल, असं तिला वाटलं.

शनिवारी सकाळी कारखान्याच्या आवारात गाडी उभी होती. थंडी होती, काचांवर दव होतं. मिसुझु ट्रकवाल्याची वाट बघत शेजारून गेली आणि थांबली. रिकामी गाडी डाव्या अंगाला बसलेली होती. थोडीशीच, बोटभर. रबर आवळल्यासारखंच बसणार, नेगिशींनी सांगितलंच होतं. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण डाव्या काचेवर, सीट असती आणि माणूस बसला असता तर त्याचं तोंड आलं असतं त्या उंचीला, आतून वाफेचा एक गोल होता. ती बघत असताना तो लहान झाला. मग परत मोठा झाला.

तिनं दार उघडलं नाही. "ओरिहारासान, माल कुठं उतरवू?" ट्रकवाल्यानं हाक मारली आणि ती कंदांकडे गेली. दिवसभर तिच्या हातांना चुन्याच्या पाण्याचा वास येत होता आणि मनात एकच गोष्ट. रविवार. तिला भीती वाटत होती हे खरं, पण उद्याची हुरहूर त्या भीतीपेक्षा मोठी होती, आणि ती स्वतःशी खोटं बोलणारी बाई नव्हती.

रविवारी सगळा डोंगर गोळा झाला होता. जुने मेकॅनिक, बायका, लेकरं, लांबून आलेले चाहते. कँटीनमधे ओदेनची पातेली चढली होती. नेगिशी गाडीभोवती एक चक्कर मारून आले, डाव्या पुढच्या चाकाशी बसले, आणि उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"शुक्रवारपेक्षा जास्त बसलीय," ते हळू म्हणाले. "रबर असं दोन दिवसांत बसत नसतं. पोरी, ते काढून टाकू. पॉली घालू. दोईकडे आर्म तयार आहेत."

मिसुझुला हसूच आलं. "काका, तुम्ही? पॉली?"

"पॉली काही लक्षात ठेवत नाही," नेगिशी म्हणाले. ते अजून डाव्या चाकाकडेच बघत होते.

तिनं ऐकलं नाही. पहिल्या पाळीत ती निघाली आणि तिसऱ्याच फेरीला घड्याळ चाळीसच्या आत गेलं. कर्ण्यावर आकडा सांगितला तेव्हा कँटीनमधून आरोळी उठली ती ट्रॅकपर्यंत ऐकू आली. मिसुझु आत आली. दोईनं तिला पट्ट्यातून सोडवता सोडवता मिठीच मारली.

इवामुरो मात्र हातात पाटी न घेता आले.

"धरता येत नाही," ते म्हणाले. "शेजारी माणूस घेऊन मारलेली फेरी धरत नाहीत. नियम तुला माहीत आहे."

"शेजारी?" दोई म्हणाला. "शेजारी सीट तरी आहे का बघा."

इवामुरोंनी वाकून आत बघितलं. उघड्या पत्र्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मान हलवली. "तोकुए आजी शेवटच्या वळणावर झेंडा घेऊन उभ्या असतात. त्यांनी तीनही वेळा कळवलंय. गाडीत दोघं. त्यांची नजर आजवर चुकलेली नाही. आता याला मी काय करू? आज सगळा डोंगर इथं आहे. मी डोळेझाक केली, तर ही भिंत देवळात कुठल्या तोंडानं नेऊ?"

बारा वर्षांनी हातात आलेली पाटी. मिसुझु रडली नाही, पण ओठ आवळून उभी राहिली, आणि दोई इवामुरोंशी तोंडाला तोंड देत राहिला. शेवटी एवढंच ठरलं की दुपारच्या पाळीत ती पुन्हा जाईल. एकटी.

"एकटी," इवामुरो परत म्हणाले. त्यांनाही त्या शब्दाचं काहीतरी वाटलं असावं.

आता निवड उरलीच नव्हती. रबर ठेवलं तर ती वेगानं जाणार होती आणि फेरी धरली जाणार नव्हती. रबर काढलं तर तो श्वास जाणार होता, आणि तो नसताना आपण कोण, ते तिला बारा वर्षांच्या घड्याळांनी चांगलं सांगितलं होतं. ती गाडीच्या डाव्या दाराशी जाऊन उभी राहिली. काचेवर हात ठेवला. आतून काच कोमट होती.

"घाला पॉली," ती म्हणाली.

नेगिशी आणि दोई जेवण सोडून कामाला लागले. पॉलीला ना ओझं लागतं ना चालवणारा. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं हवेत लोंबत असतानाच आर्म बदलले, ग्रीस चोपडलं, आवळलं. शुक्रवारी ज्याला कसाईपणा म्हटलं होतं तेच नेगिशी आज इतक्या घाईनं करत होते की त्यांच्या बोटाला लागलं तरी त्यांनी बघितलं नाही. काढलेले आर्म त्यांनी लांब नेऊन ठेवले. मग गाडी खाली उतरवली, काट्यांवर घेतली आणि मिसुझुला आत बसवलं.

"एकूण बघ," ते दोईला म्हणाले.

दोईनं पेटीकडे बघितलं आणि त्याचे खांदे खाली आले. "बरोबर. गाडी आणि एक माणूस. बाकी कुणी नाही."

नेगिशी जमिनीवरच बसले. त्यांना हसू येत होतं. "आता जा," ते म्हणाले. "आणि ब्रेक तुझा तू दाब."

पॉलीनं सगळं कानात ओतलं. खडा, फट, रंगाचा पट्टा, टायरचं कुरकुरणं, सगळं हाडांत येत होतं. मिसुझु पहिल्या वळणाकडे निघाली आणि कान टवकारून बसली. श्वास नव्हता. डावीकडे नुसता पत्रा थडथडत होता.

पहिली फेरी हळू गेली. तिला एकटं वाटलं, पोरकं वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या फेरीला ती जरा सावरली.

तिसरीला गाडी बदलली.

दोई म्हणाला होता ते खरं होतं. हात हलला की नाक वळलं. नंतर तर हात हलायच्या आधी वळलं. वळण नुसतं दिसायचं आणि स्टीअरिंग तिच्या तळव्यांखाली फिरलेलं असायचं. ब्रेक तिच्या पायाखालून खाली जायचा, ती फक्त पाय सोबत नेत होती. मधे काही पडतच नव्हतं. रस्ता आणि गाडी, दोघांच्या मधे कुणीच नाही.

असं असतं तर हे, तिला वाटलं. असं चालवायचं असतं.

तिला ओरडावंसं वाटलं आणि ती ओरडली. छाती फुटेल इतका आनंद झाला होता. उतार, वळण, शेवटचं वळण. तोकुए आजींचा पिवळा झेंडा खाली होता, आजींची लहानशी आकृती कठड्यामागे ताठ उभी होती, आणि गाडी तिच्यासमोरून भिंतीला चाटून, सपाट, निर्भय निघून गेली.

चाळीसच्या आत. सकाळपेक्षाही आत.

इवामुरोंनी सगळ्यांसमोर वायरलेस उचललं. "आजी, या वेळी किती जण होते?"

खरखर झाली. मग आजींचा स्वच्छ आवाज. "एकच."

कँटीन दणाणलं. दोईनं टोपी उडवली. नेगिशी भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत राहिले. इवामुरोंनी गुडघे टेकून शाई उगाळली आणि कोऱ्या लाकडावर ओरिहारा मिसुझु असं लिहिलं, एकेक रेघ सावकाश, आणि पाटी खिळ्याला अडकवली. मिसुझु त्या पाटीखाली उभी राहिली आणि मग मात्र पोटभर रडली. लोक पाठीवर थोपटत होते. तिला कुणाचे चेहरेही दिसत नव्हते.

बऱ्याच वेळानं तोकुए आजी झेंडे गुंडाळून वर आल्या. मिसुझुनं स्वतः त्यांच्यासाठी वाटी भरली, वरून कोन्याकूची मोठी वडी घातली, आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"आजी, तुमच्यामुळे झालं. सकाळी मला तुमचा राग आला होता."

"येणारच," आजी म्हणाल्या. त्यांनी वडीवर फुंकर घातली. "पण पोरी, दुपारी तू का नाही गेलीस? दुसऱ्याला कशाला दिलीस गाडी?"

"मीच होते, आजी."

आजींनी तिच्याकडे बघितलं, मग मायेनं मान हलवली, म्हाताऱ्या माणसाची कुणी समजूत काढली की हलवतात तशी.

"मी तीनही वेळा नीट बघितलं. ऊन माझ्या पाठीशी होतं. उजवीकडे कुणी नव्हतं. चालवणारा डावीकडे बसला होता, म्हटलं परदेशी गाडीसारखं स्टीअरिंग तिकडे हलवलं असेल." त्यांनी वडीचा तुकडा मोडला. "हात मात्र छान आहे हो त्याचा. आणि वळण आहे माणसाला. शेवटच्या फेरीला मला मान लववून गेला."